पहूरचा कापूस, पारोळ्याचा शर्ट

नाना गेला हे मला पिंप्राळ्यात शेजारच्यांच्या फोनवर कळलं. भाचा रडत होता आणि मी विचारलं काय, तर "अंगात काय होतं रे त्याच्या?" तो म्हणाला, "आपलाच शर्ट, आत्या." तेव्हा कुठे मला रडू फुटलं. माणसं विचारतात काय झालं, कसं झालं... मी शर्टाचं विचारलं. महिना उलटला, अजून माझं मलाच नवल वाटतं.

हा माझा थोरला भाऊ पारोळ्याला पुरुषांचे शर्ट शिवायचा. शिंपी पुष्कळ होते, पण हा हट्टी. कापूस पहूरचा, ओळखीच्या शेतातला. त्याच्या सुताचं कापड धुळ्याला लोटनभाऊंच्या मागावर विणलेलं. शिलाई दुकानात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. गिऱ्हाइकाला हा सोयरीक जमवायला बसल्यासारखं शर्टाचं गाव-कूळ सांगायचा. वहिनी आतून ओरडायची, "अहो, त्याला लग्नाला जायचंय, शर्ट द्या आधी!" पण टिकायचा मेला शर्ट! कॉलर विरली की उसवून उलटी लावायची, पुन्हा कित्येक वर्षं बघायला नको. "असले शर्ट शिवलेस तर गिऱ्हाईक परत येणार कधी?" मी चिडवायचे. तो नुसता हसायचा.

पुढे जो तो टेरिकॉट मागू लागला, कृत्रिम धागा मिसळलेलं, न चुरगळणारं. नानाने हात लावला नाही. आणि एका दिवाळीनंतर, सगळे शर्ट विकून झाल्यावर, उरलेल्या कापडावर इस्त्री ठेवली तर ती चिकटायला लागली. त्याने एक धागा ओढून काडी लावली. सुती धाग्याची राख होते. ह्याची काळी कडक गोळी झाली, म्हणजे तीच भेसळ. मी माहेरी आलेले, तिथेच होते. त्याचा चेहरा इतका उतरलेला मी आई गेली तेव्हासुद्धा पाहिला नव्हता.

तसाच उठून धुळ्याला गेला. लोटनभाऊ खोटं बोलले नाहीत. म्हणाले, "सुती सूत मियत नही, नाना. माग बंद ठेवू का?" सूतच मिळत नाही, तर तो तरी काय विणणार? भांडायला गेलेला माणूस चहा पिऊन परत आला.

मग म्हणे, घरोघरी जाऊन सांगणार. "गप्प बस ना, कोणाला कळलंय?" मी म्हटलं. "मला कळलं ना," म्हणाला. मी सोबत निघाले. पहिलं घर एका मास्तरांचं. नाना दारातच हात जोडून म्हणाला, "मास्तर, माझ्याकडून फसवणूक झाली. शर्ट परत द्या, दुसरा शिवून देतो." मास्तर कुठले ऐकतात! "अहो नाना, काय शर्ट दिलात! इस्त्री नको, काही नको, रात्री धुवावा नि सकाळी घालावा. ह्यातलेच अजून दोन शिवा!" दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. शर्ट कोणी परत देईना. येताना रस्त्यात नाना थांबला. म्हणाला, "बठ्ठा खूश शेतस, माय. मी एकलाच येडा शे."

सगळे खूश, आणि वेडा हा एकटा! रागवायला तरी कोणी हवं ना समोर... लोटनभाऊंचं चुकलं नव्हतं, मास्तरांचं तर नाहीच नाही. दुकान त्याने बंद केलं नाही. मिळेल ते कापड शिवत राहिला, पँटी आखूड करून देत राहिला. फक्त गाव-कूळ सांगणं सुटलं. कोणी विचारलंच तर म्हणायचा, "बाजारातलं शे."

तेराव्यानंतर वहिनीने त्याचे जुने सुती शर्ट वाटायला काढले. एकही विरलेला नाही. गल्लीतला एक म्हातारा आला, उलटसुलट करून पाहिलं आणि बिचकत म्हणाला, "अक्का, एखादा टेरिकॉट नाही का? हे लवकर वाळत नाहीत." त्याचं काय चुकलं? मी एक शर्ट उचलून पिशवीत घातला.

तो आता इथे पिंप्राळ्यात आहे. घालायला कोणी नाही, तरी मी धुते. ढगाळ हवेत बाकीचे कपडे दुपारीच काढून घड्या होतात. त्याच्या बाह्या संध्याकाळीही ओल्या लागतात. मी त्याला दोरीवर तसाच ठेवते आणि घरात येते.