त्या ओळी त्याच्याच होत्या

आमच्या चॅनेलच्या प्रमुखाने कॅमेऱ्यासमोर हात जोडून माफी मागितली, तेव्हा मी महापेच्या ऑफिसात, टेप लायब्ररीत, डबा उघडून बसले होते. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने फोन माझ्यापुढे धरला.

"मॅडम, सरांना बघा."

सर सांगत होते, "ती वाक्यं मूळ संहितेत नव्हती. कलाकाराने ती आयत्या वेळी, स्वतःच्या मनाने घेतली. यापुढे आमचा त्याच्याशी संबंध राहणार नाही."

मी डब्याला झाकण लावलं. मूळ संहिता माझ्या पाठीमागच्या कपाटात होती आणि ती सरांच्याच अक्षरात होती.

आम्ही दोघं एकाच महिन्यात नोकरीला लागलो होतो. तो लिहायचा, मी टेपा सांभाळायचे. पुढे सगळे त्याला सर म्हणायला लागले तरी आमचं अरे-तुरेच राहिलं. तेव्हा तो खरंच वेगळा होता. हे सांगितलं नाही तर माझा राग कुणाला कळणार नाही. एका विनोदी कार्यक्रमासाठी तो छोटी प्रहसनं लिहायचा. त्यातल्या एका प्रहसनात खाडीकाठच्या गावातला एक म्हातारा प्रकल्पात गेलेल्या जमिनीच्या बदल्यातला भूखंड मागायला पुढाऱ्याकडे जातो. पुढारी दर खेपेला त्याला शाल घालतो, फोटो काढतो आणि घरी पाठवतो. शेवटी म्हातारा म्हणतो, "साहेब, या शाली ठेवाला तरी जागा द्या!"

तेव्हाच्या मालकांना ते शेवटचं वाक्य नको होतं. कोण पुढारी ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. हा त्यांना म्हणाला, "वाक्य काढायचं तर आधी मला काढा." मी टेप घेऊन दाराबाहेर उभी होते, मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. वाक्य राहिलं. आठवडाभर मी घरी दारी सगळ्यांना सांगत सुटले होते, आमच्याकडे असा एक माणूस आहे म्हणून.

म्हाताऱ्याचं काम करणारा नट न्हावा शेवाजवळच्या गावातला. गावच्या नाटकांतून आलेला, बंदरात नोकरी करून शूटिंगला यायचा. त्याच्या घरची जमीनही तशीच गेली होती. म्हणून ते वाक्य त्याच्या तोंडी इतकं बसलं. पण लिहिलं होतं याने.

मग वर्षं गेली. लोक टीव्ही बंद करून फोन बघायला लागले. जाहिराती आटल्या, आमची कंपनी एका मोठ्या कंपनीच्या पोटात जायची बोलणी सुरू झाली. या सगळ्यात कुणाचं डोकं ठिकाणावर असेल तर त्याचंच होतं. तो प्रमुख झाला तो उगाच नाही. त्याने ठरवलं, जुन्या कार्यक्रमांचे मिनिटा-मिनिटाचे तुकडे करून फोनवर सोडायचे. महाप्याला येऊन मला म्हणाला, "तुझ्या या खोलीवर आता चॅनेल चालणार आहे. काढ काय काय आहे ते." मला हुरूप आला. शालीचं प्रहसन मीच शोधून दिलं. त्याने बघितलं, पोट धरून हसला आणि म्हणाला, "टाक."

नेमकं त्याच सुमारास खाडीकाठच्या गावांत जमिनीसाठी पुन्हा आंदोलन पेटलं होतं. तो तुकडा दोन दिवसांत घराघरांत गेला. तेव्हाचा पुढारी आता मंत्री होता. तिसऱ्या दिवशी त्याचे कार्यकर्ते आमच्या गेटवर आले. काचा फुटल्या, आमच्या वॉचमनच्या कपाळाला टाके पडले. त्याच्या दुसऱ्या दिवशी ती माफी.

आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी तो स्वतः लायब्ररीत आला. त्याने माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलीला बाहेर पाठवलं.

"ती टेप काढ. सर्व्हरवरची फाइल मी कालच उडवायला लावलीय. आणि संहितेची फाइलही दे."

"तुला माहितीय ना त्यात काय आहे?"

"म्हणूनच मागतोय."

"ते वाक्य तू लिहिलंयस. तू भांडून ठेवलंयस. त्या माणसाचं नाव कशाला घेतलंस?"

"मग काय माझं घेऊ?" तो एकदम चिडला. "विलीनीकरणाची परवानगी अडकलीय. मी गेलो तर हे सगळं बसेल. इथली माणसं कुठे जाणार? तू कुठे जाणार? त्याच्या एका रोलचा प्रश्न आहे."

"त्याला विचारलंस तरी?"

"तुला राग करणं सोपं आहे गं. तुला काही चालवायचं नाहीये."

मला तेव्हा खूप बोलता आलं असतं. आजही भांडी घासताना मी ते बोलते. पण त्या दिवशी मी कपाट उघडलं. संहितेची फाइल त्याच्या हातात दिली, ती त्याने न उघडताच बॅगेत टाकली. टेप पुसायच्या यंत्रात टेप मी ठेवली. बटणही मीच दाबलं. त्याने मला धमकी दिली नव्हती. आयुष्यभर जपायचं काम केलं आणि सांगितल्यावर मुकाट्याने पुसूनही टाकलं. त्याच्यावरचा माझा राग तिथे येऊन अडतो, मग उलटा फिरतो.

रविवारी मी कामोठ्याहून रिक्षा करून त्या नटाच्या गावी गेले. कंटेनरच्या ट्रेलरांनी रस्ता धरला होता, पोचायला दुपार झाली. त्याच्या चालू मालिकेतून त्याला काढल्याचा निरोप आदल्याच दिवशी आला होता. त्याने मला ओटीवर बसवलं.

"ताई, मना एकच सांग. तो लिवलेला कागद हाय ना तुझ्याकडं?"

"होता."

"होता म्हंजे?"

मी सगळं सांगितलं.

"तुझ्या हातानं पुसली?"

"हो."

"तो तरी घाबरला. त्याच्या मागं मंत्री लागला. तुझ्या मागं कोन होता?"

आतून त्याची बायको बाहेर आली आणि म्हणाली, "ऊठ गो बाय आता. त्यांना बीपी हाय." मी उठले. त्या घरात मी पूर्वी कितीदा जेवले होते. त्या दिवशी मला कुणी पाणी विचारलं नाही आणि त्यांचं काहीच चुकलं नाही.

सोमवारी ऑफिसात जाऊन मी सगळ्या स्टाफला मेल केली. चारच ओळी. ती वाक्यं प्रमुखांनी लिहिली होती, मी ती संहिता पाहिली आहे, ती त्यांनी माझ्याकडून नेली, टेप मी पुसली. तासाभरात एचआरने बोलावलं. समोरची बाई शांतपणे म्हणाली, "पुरावा?" मी म्हटलं, "तो तुमच्या सरांच्या बॅगेत आहे." दुपारपर्यंत माझं कार्ड बंद झालं. माझ्या मेलला एकानेही उत्तर दिलं नाही. काही जण गेटपर्यंत सोडायला आले, पण बोलले ते ट्रॅफिकबद्दल.

विलीनीकरण झालं. तो नव्या मोठ्या कंपनीचा प्रमुख झाला. मग मंत्र्याचे दिवस फिरले. त्याच्याच पक्षाने त्याला बाजूला केलं आणि जो तो त्याच्यावर तोंडसुख घ्यायला लागला. गेल्या वर्षी वाशीला एक मोठा कार्यक्रम झाला, विनोदाच्या स्वातंत्र्यावर. मी घरी बसून फोनवर बघत होते. आमचा हा स्टेजवर, आणि मुलाखतकार विचारतोय, "त्या शालीच्या प्रहसनाचं खरं काय?" तो जरा थांबला, हसला आणि म्हणाला, "आता सांगायला हरकत नाही. ते मीच लिहिलं होतं." लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

मी तिथल्या तिथे त्याला फोन लावत राहिले. तासाभराने त्याने उचलला.

"बघितलंस?" आवाजात अजून टाळ्या होत्या.

"नटाचं नाव का नाही घेतलंस?"

"अगं, ओघात राहिलं."

"त्याला खोटं पाडलंस ते तरी सांगायचं."

"प्रत्येक गोष्ट स्टेजवर सांगायची नसते. मी तेव्हा कंपनी वाचवली, हे तुला कधी दिसणारच नाही का?"

"दिसतं. त्याला फोन कर. आज कर."

"बघू या," म्हणून त्याने ठेवून दिला. त्याने फोन केला नाही. मी नटाच्या मुलीला विचारलं, तेव्हा कळलं. तिनेच सांगितलं, बाबांनी तो व्हिडिओ बघितला, दोनदा बघितला आणि फोन बंद करून जाळी विणायला बसले. त्यांना पुन्हा कुठल्याच मालिकेत काम मिळालं नाही. माझ्याशी ते अजून बोलत नाहीत. मी दिवाळीला गेले होते, ते मागच्या दाराने बाहेर निघून गेले.