बर्फवाल्यांचं सफरचंद

सूनबाईला सासऱ्यांचं पहिलं दर्शन घडलं ते तळव्यांकडून. लग्नाआधी ती आईबरोबर हे घर बघायला आली. फाटकातून आत पाऊल टाकताच तिच्यावर पानांचा असा काही मारा झाला की ती दिसेनाशीच झाली. आईला म्हणे हाका मारमारून तिला उकरून काढावं लागलं. वर सफरचंदाच्या झाडात दोन पाय लोंबकळत होते, एका मोज्याला भोक.

"तुमच्याकडे थंडी किती पडते?" पायांनी विचारलं.

"दात वाजतात," ती घाबरून म्हणाली.

"पसंत!" पाय म्हणाले. नवरा मुलगा तेव्हा अजून आंघोळीतून बाहेरही आला नव्हता.

बाबांनी तीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात लाद्या पाडल्या होत्या. थंडीने सुटणार नाही असा प्रश्न जगात नाही, असं त्यांचं ठाम मत. अंगणातले पेरू, डाळिंब, लिंबू फळांनी वाकलेले असत, पण बाबा त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नसत. "पेरूचं काय कौतुक? तो कुणाकडेही लागतो!" त्यांचा जीव अडकला होता सफरचंदात, आणि त्या सफरचंदाला अकरा वर्षांत एक फूल आलं नव्हतं. त्याला हवा कडक हिवाळा. इथला हिवाळा सकाळी तोंड दाखवून दहाच्या आत पसार होणारा. म्हणून बाबा दरवर्षी त्याची पानं हातांनी ओरबाडून काढत. उघडं पडलं की झाडाला वाटेल, आला बुवा हिवाळा. झाडाला काहीही वाटत नसे.

यंदा मुलाने निर्वाणीचं सांगितलं, "बाबा, फेब्रुवारी संपेपर्यंत एक फूल दाखवा. नाहीतर झाड पाडून मी तिथे गाडीला शेड घालणार."

"एकच ना?"

"एकच. पण खरं. गेल्या वर्षी तुम्ही कागदाचं बांधलं होतंत."

दुसऱ्या दिवसापासून बाबा रोज सकाळी कारखान्यातून फुटक्या लाद्यांचे तुकडे गोणपाटात गुंडाळून सायकलवरून आणू लागले. बर्फ बुंध्याभोवती पसरायचा आणि अनवाणी पायांनी तुडवायचा. थंडी किती मुरली ते म्हणे तळव्यांनाच कळतं. आठवड्याभरात पाय वांग्यासारखे जांभळे झाले.

"बाबा, झाड राहिलं बाजूला, तुम्हीच गोठाल," सूनबाई ओरडली. मग तिने रोज संध्याकाळी पुढच्या पायरीवर घमेल्यात कडकडीत गरम पाणी ठेवायला सुरुवात केली, त्यात दोन मुठी मीठ. बाबा पाय बुडवून बसत आणि सफरचंद कसं लागेल, पहिली फोड कुणाला द्यायची, यावर बोलत. पहिली फोड सूनबाईला मिळणार, हे चौथ्या दिवशीच ठरलं. बोलणं संपलं की ती घमेलं तिथूनच खाली उपडं करी. पायरीखाली मातीच होती, सफरचंदाच्या बाजूला उतरती.

जानेवारीच्या शेवटी झाडावर कळ्यांचे डोळे फुगले. बाबांनी पोस्टमनलासुद्धा आत ओढून ते दाखवले. मुलगाही चष्मा पुसून दोनदा बघून गेला, म्हणजे हरलाच.

मग आठवड्यात डोळे करपले. बाबांनी नखाने साल खरवडली. आत हिरवं काही नव्हतं. त्यांनी बुंध्याजवळची चिमूटभर माती उचलून जिभेवर ठेवली. लाद्या पाडायला मिठाचंच पाणी लागतं; ती चव त्यांना तीस वर्षं ओळखीची होती. त्यांनी पायरीकडे बघितलं. पायरीवर सूनबाई घमेलं घेऊन उभी होती.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. थंडी कमी पडली."

त्या संध्याकाळीही त्यांनी पाय बुडवले. पण उठल्यावर घमेलं स्वतः उचललं आणि पार फाटकाबाहेरच्या गटारापर्यंत जाऊन ओतून आले. सूनबाई बघत राहिली. ते आत गेल्यावर तिनेही वाकून माती चाखली.

"बाबा, मी..." ती स्वयंपाकघराच्या दारात म्हणाली.

"सूनबाई, पाय मात्र झकास झाले हां," बाबा घाईघाईने म्हणाले. "बघ, बोटं कशी हलतात!" आणि त्यांनी दहाही बोटं हलवून दाखवली.

दोन मार्चला झाड पाडलं. शेड झाली. तिच्यात गाडी पुरती मावत नाही. मागची चाकं पावसात भिजतात.