फळ्यांचं दार

फाल्गुनातली दुपार होती. शेलूबाजारच्या एका बंद दुकानाच्या पायरीवर मी पाणी प्यायला टेकले, तेव्हा पाठीशी लागलं ते लाकूड होतं, आणि त्या लाकडाला गूळ, तुरीची डाळ आणि घासलेट यांचा मिळून एक मुरलेला वास होता. समोर हमरस्त्यावर जीपगाड्या धूळ उडवत होत्या, रस्त्यापलीकडचा पळस उन्हात पेटला होता, आणि मी मात्र डोळे मिटून त्या वासात शिरले होते. महिनाभर भंगारवाल्यांच्या आवारातून हिंडत होते मी. अनसिंगला आमचं घर उभं राहत होतं आणि त्याच्या पडवीची अख्खी पुढची बाजू उघडी होती. तिथं काय बसवायचं, यावर घरात एकमत होतं, माझं सोडून. सगळ्यांना लोखंडी ग्रील हवी होती. गावातल्या प्रत्येक नव्या घराला असते तीच, मोर काढलेली. मला पिंजऱ्यात बसून चहा प्यायचा नव्हता, आणि हे मी स्पष्ट सांगितलंही होतं.

मागे वळून पाहिलं तर ते दार म्हणजे उभ्या सागवानी फळ्या होत्या, एकीला एक खेटून, वरच्या आणि खालच्या खाचेत उभ्या केलेल्या. अशी दुकानं माझ्या लहानपणी गल्लोगल्ली होती. सकाळी दुकानदार एकेक फळी सरकवून काढायचा, भिंतीला टेकवून ठेवायचा आणि शेवटची फळी निघाली की दुकान नुसतं उघडायचं नाही, ते रस्त्याचाच एक भाग व्हायचं. ना उंबरा आडवा, ना कडी. ती सकाळ, तो फळ्यांचा खडखडाट आणि आत हळूहळू रुंदावत जाणारा उजेड मला एकाएकी इतका लख्ख आठवला की मी पाणी प्यायचं विसरले. हेच, हेच माझ्या पडवीला हवं, असं मनाशी म्हणत मी उठले.

दुकानाचे म्हातारे मालक मागच्या खोलीत राहत होते. रस्ता रुंद होणार म्हणून दुकानाचा पुढचा भाग पडायचा होता आणि त्यांचा मुलगा आत सरकून शटर बसवणार होता. फळ्या विकणार का, म्हटल्यावर त्यांनी मला खालून वर न्याहाळलं.

"हॉटेलवाले येऊन गेले दोनदा," ते म्हणाले. "टेबलं करतो म्हने. मी म्हनलं, जनमभर उभं राह्यलेल्या लाकडाले आडवं काहून पाडता? तुमी काय करसान?"

"दारच ठेवीन, भाऊ. रोज सकाळी उघडीन."

"सबूद द्या."

मी शब्द दिला. आता वाटतं, त्या घरासाठी मी जे काही आणलं त्यात सगळ्यांत जड तोच होता.

घरी अर्थातच स्वागत जोरदार झालं. ट्रॅक्टरमधून फळ्या उतरताना पाहून आमचे हे म्हणाले, "दुकान टाकून राह्यली काय?" थोरल्या जाऊबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांचा आक्षेप वेगळा आणि माझ्या मते अधिक गंभीर होता. दुकानाच्या दारावर साऱ्या गावाची घासाघीस चिकटलेली असते. कोणाचे तळतळाट, कोणाची हाव. असलं लाकूड घराला कशाला लावायचं? "नवं घर, अन् त्याले परक्याचं दार," एवढंच त्या म्हणाल्या, पण दोन दिवस त्यांच्या हातचा चहा कडू लागला. शेवटी मीच नमतं घेतलं आणि म्हटलं, तुम्ही म्हणाल तसं शुद्ध करून घेऊ. हे वाक्य मला चांगलंच भोवणार होतं.

फळ्या काढताना आमच्या सुलेमानमिस्त्रींनी प्रत्येकीवर खडूने आकडा घातला होता. मिस्त्री वाशिमचे, हात अतिशय सफाईचा आणि तोंड त्याहून. जुन्या फळ्या वर्षानुवर्षं एकमेकींना घासून झिजलेल्या असतात; हिची कड हिच्या शेजारणीलाच बसते, दुसरीला नाही. क्रम चुकला की शेवटची फळी बसत नाही. म्हणून ते आकडे. आणि एका सकाळी मी वाशिमला गेले असताना जाऊबाईंनी, अगदी मनापासून, गोमूत्र शिंपडून, राखेने घासून, बादल्यांवर बादल्या ओतून सगळ्या फळ्या अंगणात धुऊन काढल्या. प्रत्येकीला हळदकुंकू लावलं. मी परतले तेव्हा त्या घामाने निथळत होत्या आणि चेहऱ्यावर समाधान होतं. खडूचा एक कणही कुठे उरला नव्हता.

त्यांच्यावर ओरडावं असं फार वाटलं. पण ज्या बाईने नको असलेल्या लाकडाला एवढं न्हाऊमाखू घातलं, तिच्यावर ओरडणार कसं? मी शेलूबाजारला फोन लावला. म्हातारबुवा आधी खूप हसले. मग म्हणाले, "बाई, मी त्या डोये मिटून लावत होतो. कोनती कुठं, हे कदी पाह्यलंच नाई. मळावरून वळखू येत होत्या मले. तो तर तुमी धुतला."

मिस्त्रींनी उलटसुलट लावून पाहिल्या. दर वेळी शेवटी फट राहायची, नाहीतर फळी आत जायची नाही. "रंधा मारून सरळ करू का साऱ्याईले?" त्यांनी विचारलं. म्हणजे मग त्या कुठल्याही फळ्या झाल्या असत्या. मी नाही म्हटलं. ह्यांनी शांतपणे सांगून टाकलं की वास्तुशांत तोंडावर आली आहे. उद्या दुपारपर्यंत दार उभं राहिलं तर ठीक, नाहीतर वेल्डर ग्रील घेऊन येईल. मोर काढलेली. त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. ग्रीलचं दुःख होतंच, पण तिकडे एका म्हाताऱ्याला मी शब्द देऊन बसले होते.

सकाळी उठून अंगणात आले. कोवळं ऊन फळ्यांवर तिरपं पडलं होतं. इतक्या वर्षांचा मळ गेल्यावर सागाची सोनेरी कांती वर आली होती आणि तिच्यातून रेषा वाहत होत्या, नदीच्या पात्रासारख्या. मी शिवणकाम करणारी बाई. आयुष्यभर चौकडीच्या कापडाला चौकडी जुळवली, बाहीचा पट्टा पाठीच्या पट्ट्याला भिडवला. हातच पुढे झाले. एका फळीवर डाव्या अंगाला बदामी गाठ होती. तीच गाठ, जराशी लहान होऊन, दुसऱ्या फळीवर. तिसरीवर नुसता भोवरा. एकाच ओंडक्याच्या फळ्या होत्या त्या, एकामागून एक कापलेल्या, आणि कापल्या त्याच क्रमाने कोण्या सुताराने उभ्या केलेल्या! मी पदर खोचला. "बाई, धरा इकडून," म्हणून जाऊबाईंना हाक मारली, आणि आम्ही दोघींनी अंगणभर फळ्या मांडत नेल्या. त्यांनाही ते दिसू लागलं. "हे पाह्य, हे इची सख्खी भयीन हाय," त्या ओरडायच्या आणि फळी ओढत आणायच्या. एकच उरली, आंब्याची, कधीतरी नंतर घातलेली. ती शेवटी.

मिस्त्री आले, त्यांनी मांडलेल्या क्रमाने फळ्या उचलल्या. एक, दुसरी, तिसरी सरकत गेली. शेवटी आंब्याची. ती खाचेत शिरली, क्षणभर अडली, आणि मिस्त्रींनी तळहाताने ठोकताच 'खट्' करून बसली. काडी शिरायला जागा नव्हती! जाऊबाईंनी टाळीच वाजवली. मी तर चक्क अंगणात फुगडीच्या पवित्र्यात उभी होते. मिस्त्री दारावरून हात फिरवत म्हणाले, "भाभी, आता मशीन इका अन् आरा घ्या." ह्यांनी बाजूला जाऊन वेल्डरला फोन केला. काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण परत आले तेव्हा हसू दाबत होते. जिंकले होते मी, आणि हे मान्य करायला मला तेव्हाही संकोच नव्हता, आजही नाही. जे पाणी आमचा खडू पुसून गेलं, त्यानेच लाकडाचं मूळ लिखाण उघडं केलं होतं.

वास्तुशांतीनंतरच्या पहिल्या बाजाराच्या दिवशी मी सकाळी सगळ्या फळ्या काढून भिंतीला लावल्या. पडवीभर उजेड पसरला. मी आत चहा टाकत होते, तेवढ्यात बाहेर चाहूल लागली. पाहते तर डोक्यावरची टोपली खाली ठेवून एक अनोळखी म्हातारी थेट आमच्या पडवीत येऊन बसली होती.

"गूळ हाय का वं माय?" तिने विचारलं.

हे दुकान नाही, असं सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण जाऊबाई माझ्याआधी उठल्या होत्या. त्यांनी आतून गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या आणून तिच्यापुढे ठेवला आणि स्वतः शेजारी टेकल्या. पाऊसपाणी, सून, गुडघे, असं काहीबाही सुरू झालं. म्हातारी गूळ खाऊन, पाणी पिऊन, पैसे किती ते विचारून, नको म्हटल्यावर हसून निघून गेली. जाऊबाई तिथेच बसून रस्त्याकडे पाहत राहिल्या, पुढे कोण येतं ते बघत. घर बांधताना आत कोण राहणार याचाच हिशेब आम्ही सगळ्यांनी मांडला होता. मी चहात आणखी एक कप पाणी वाढवलं.