उष्ट्या ताटाचा प्रवेश

हे मी कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, आईजवळ नाही, आणि जिच्याजवळ बोलायला हवं होतं तिच्याजवळ तर नाहीच. तुमच्याजवळ बोलतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही. मध्येच उठून जाल का? गेलात तरी चालेल. मी सांगून टाकतो.

मी हैदराबादजवळ औषधांच्या एका गोदामात काम करतो. अकरावी अर्ध्यात सोडून आलो, तो इथलाच झालो. हाताखाली माणसं आहेत, ती माझं ऐकतात, कारण मी आवाज चढवत नाही. मालकही म्हणतो, तू हळू बोलतोस पण समजतं. हे हळू बोलणं मला कोणी शिकवलं, हे इथे कोणाला ठाऊक नाही. सुजाताताईनं शिकवलं. आणि मी तिचं काय केलं —

नाही, असं एकदम नको. नीट सांगतो.

भंडाऱ्याच्या कॉलेजात स्पर्धेसाठी आमचं नाटक बसत होतं. ताई बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, कोंढ्याची. मी अकरावीत, लाखांदूरकडचा, खोली करून राहणारा. दिग्दर्शक असा कोणी नव्हताच. सरांनी हॉलची चावी दिली, तुम्हीच एकमेकांना सांगा म्हणाले. मग ताईनं रीत घालून दिली. जो प्रवेशात नाही त्यानं समोरच्या खुर्चीत बसायचं, आणि खरं वाटतं की खोटं ते सांगायचं. खुर्चीतल्याशी वाद घालायचा नाही. आतल्या माणसाला स्वतःचं काम दिसत नाही, मग बाहेरच्याचं नाही ऐकायचं तर कोणाचं, असं तिचं म्हणणं.

नाटक साधंच, आम्हीच लिहिलेलं. एक घर, एक सकाळ. पोरगा कामासाठी परमुलखात निघतो, आई त्याला वाढते, तो अर्धं जेवून उठतो आणि जातो. गाणं नाही, रडारड नाही. घरात माणसं बोलतात तसं बोलायचं. पोरगा मी. आई ताई.

आणि मला बोलताच येईना. घरात बोलतात तसं बोलायचं, यात अवघड ते काय? पण मी आमच्या झाडीपट्टीतली नाटकं पाहत वाढलो. दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरते, मांडवात नाटक होतं, आणि शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचवणारे ते नट माझे देव होते. "येतो माय", एवढे दोन शब्द माझे. मी म्हटले की हॉलच्या खिडक्या वाजायच्या. नाटकात शेजाऱ्याचं काम करणारा मंगेश खुर्चीत असला की कपाळ धरायचा. "गावाले जाऊन राहिला बे तू, लढाईले नाही." सगळे हसायचे. मीही हसायचो. पुन्हा करायचो, पुन्हा तेच. आवाज खाली आणला की शब्द मेल्यासारखे पडायचे, वर नेला की पुन्हा लढाई. सायकलवर खोलीकडे जाताना पुटपुटत राहायचो — येतो माय, येतो माय — लोक वळून पाहायचे. दोन शब्द. दोन शब्द येत नाहीत म्हणजे काय?

ताई तेवढी हसायची नाही. आपल्या डब्यातली पोळी माझ्यापुढे सरकवायची आणि म्हणायची, आधी जेव, जेवता जेवता म्हण.

माझं जाणं झाल्यावर एक प्रवेश होता, ताईचा एकटीचा. त्यात शब्दच नाही. पोरगा गेल्यावर आई त्याच्या उष्ट्या ताटावर बसते आणि उरलेलं खाते. एवढंच. लिहिताना त्यात कोणाला फार काही वाटलं नव्हतं.

धानाची कापणी सुरू झाली, पोरं गावाला गेली. एका दुपारी हॉलमध्ये आम्ही दोघंच. ताई म्हणाली, तो प्रवेश करून पाहते, तू बस. मी खुर्चीत बसलो.

ती दाराकडे पाहत जराशी उभी राहिली. मग ताट उचलायला वाकली, घासायला न्यावं तसं, आणि वाकता वाकता खालीच बसली. भात कालवला. पोरानं बाजूला काढलेली मिरची तिनं आधी आणखी बाजूला सारली. थांबली. मग उचलून खाल्ली. ताट कोरडं होतं हो, त्यात काही नव्हतं — पण मला मिरची दिसली. तिखट लागलं तशी तिनं पाण्याकडे हात नेला. तांब्या पोराच्या बाजूला, लांब राहिलेला. हात परत आला, आणि ती तशीच खात राहिली.

तसं खरं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही पाहिलं नाही.

आणि तेवढ्यातच मला दुसरंही दिसलं. हे माझ्या "येतो माय"नंतर लगेच येणार. पोरगा गेला हे लोकांना माझ्या जाण्यातून कळणारच नाही, तिच्या जेवणातून कळणार. तिच्या शेजारी मी लाकूड दिसणार, नुसतं ओरडणारं लाकूड.

तिनं मान वर केली. "खरं वाटते का रे?"

"खोटं वाटते, ताई."

हेच ते. एवढंच आहे. पोरवय होतं असं म्हणू नका. काय बोलतो आहे ते मला नीट ठाऊक होतं.

वाद घालायचा नाही ही तिचीच रीत, तिनं घातला नाही. खोटं काय वाटतं, हे मात्र विचारलं. आता मला बनवून सांगणं आलं. म्हणालो, आई रडेल ना, तू तर जेवूनच राहिली. ती रडली. म्हणालो, जास्त झालं. ती कमी रडली. दुसऱ्या दिवशी म्हणालो, हात खोटे वाटतात. मग ती हातांकडे पाहू लागली, आणि हात खरंच खोटे झाले. पोरं कापणीवरून परतली तेव्हा त्यांना दिसली ती हुंदके देणारी, ताटाला हात लावायला भिणारी बाई. मंगेशनं मान हलवली, ताई, हे नाही जमून राहिलं म्हणाला. तो खरंच बोलत होता. मला आता खोटं बोलायची गरजही उरली नव्हती.

ताईनं आणखी काही दिवस ओढलं. मग एकदा ताट उलटं ठेवून म्हणाली, "मले समजतच नाही रे आता, काय खरं नि काय खोटं. काढून टाका." चिडली नाही. माझ्यावर कायले चिडेल? मी तर खुर्चीतलं काम केलं होतं.

प्रवेश निघाला. नाटक माझ्या जाण्यावर संपू लागलं.

यापुढचं सांगायला मला त्याहून जड जातं. मोकळा झालेला वेळ तिनं मला दिला. रोज. दाराकडे नको पाहू, चपलेकडे पाह. पुन्हा म्हण. पुन्हा. मी वैतागून एकदा ताट भिरकावलं, तिनं ते उचलून आणलं आणि परत मांडलं. आणि एका दुपारी ते दोन शब्द माझ्या तोंडून असे निघाले, जसे घरात निघतात. "हे," ती म्हणाली. "हेच ठेव." किती सोपं होतं ते म्हणणं. त्या दुपारी खुर्चीतून मला का म्हणता आलं नव्हतं?

स्पर्धेत माझ्या जाण्यावर टाळ्या पडल्या. विंगेत ताईचे डोळे भरलेले. जमलं ना रे तुले, म्हणाली, आणि माझ्या पाठीवर थाप मारली. तेव्हाही सांगता आलं असतं. मी तिच्या पाया पडलो. पाया पडणं सोपं असतं.

त्यानंतर लवकरच कॉलेज सुटलं आणि मी इकडे आलो. ताईनं पुन्हा नाटकात काम केलं नाही. आता ती भंडाऱ्याजवळ शहापूरला शाळेत शिकवते, पोरांची नाटकं बसवते. मधूनमधून फोन येतो. जेवतोस ना वेळेवर, हे आधी विचारते.

परवा फोन आला तेव्हा खुशीत होती. एक पोरगी आहे म्हणे सातवीतली, काहीच करत नाही, नुसती उभी राहते आणि पाहत राहावंसं वाटतं. सांगता सांगता ताईचा आवाज खाली आला. "पण मले काय समजते त्यातलं," ती हसून म्हणाली. "शाळेतल्या सरायले दाखवून घेते एकदा. ते सांगतीन, खरं आहे का नाही."

गोदामात गाडी लागली होती, माणसं माझ्याकडे पाहत होती. मी फोन कानाला लावून उभा होतो. त्या दुपारी तिनं जे केलं ते पाहिलेला जगात मी एकटाच, आणि ती पलीकडे माझ्या बोलण्याची वाट पाहत होती.

"हो ताई," मी म्हणालो. "दाखवून घे."