तहकुबीचा अर्धा तास

नळाला पाणी नाही, आज चौथा दिवस. ठेकेदाराच्या नंबरावर फोन लावला तर रेकॉर्ड केलेली बाई गोड आवाजात म्हणाली, आपली तक्रार नोंदवण्यात आली आहे. तिच्यावर चिडून काय उपयोग? ती गावात आली माझ्यामुळे.

अर्धापूरजवळच्या आमच्या गावात पाण्याची सहकारी संस्था होती. विहीर, मोटार, टाकी, सगळं सभासदांचं. केळीचा मोठा बागायतदार असो की अर्ध्या एकराचा धनी, मत एकच. मी चेअरमन होतो आणि मला पारावर कुणीही गाठू शकत होतं. "चेअरमन, तुमच्या गल्लीला लई जोरात येऊन राहिलं. व्हॉल्व्ह घरी नेऊन ठेवला का?" हे रोजचंच. उन्हाळ्यात शेवटच्या गल्लीला आधी पाणी सोडायचं, हेही सभेत भांडूनच ठरलं होतं. मोटार जळाली की कुणी ट्रॅक्टर काढायचा, कुणी नांदेडला कारागिराच्या उशाशी बसून राहायचा आणि दुसऱ्या दिवशी पाणी चालू. यात कुणी उपकार करत नव्हतं. मोटार त्यांचीच होती.

मला मात्र त्या भांडणांचा वीट आला होता. तशात एक ठेकेदार आला. योजना आमच्याकडं द्या, चोवीस तास पाणी देतो म्हणाला. माझ्या मुलाला त्यानं लातूरच्या कामावर सुपरवायझर म्हणून घेतलं. या दोन गोष्टींचा काही संबंध नाही, असं मी इतकी वर्षं सांगत आलो. संबंध होता.

सहकारी संस्थेच्या सभेच्या नोटिशीत शेवटी एक ओळ असते. पुरेसे सभासद आले नाहीत तर सभा तहकूब होईल, अर्ध्या तासानं त्याच जागी भरेल आणि तिला कोरमची गरज राहणार नाही. मी त्या ओळीचा आधार घेतला. सभा बाजाराच्या दिवशी अकराला ठेवली आणि नोटीस शाळेच्या मागच्या भिंतीला डकवली. अकराला कोण येणार? साडेअकराला आम्ही पाच संचालकांनी योजना ठेकेदाराला देण्याचा ठराव केला.

बाराच्या सुमारास शेवटच्या गल्लीतल्या वहिनी आल्या. एकटी बाई, अर्धा एकर रान. हातात बाजाराची पिशवी.

"भावजी, सभा कवा हाय?"

"झाली, वहिनी. चहा घ्या. हजेरीची सही तेवढी करा."

त्यांनी केली. मी बोट ठेवलं तिथं, म्हणजे ठरावाच्या अनुमोदकाच्या जागी.

पुढं नळ आटू लागले, शेवटच्या गल्लीचा तर बंदच पडला. लोक जाब विचारायला आले तेव्हा मी रजिस्टर उघडून पुढं केलं. "हे बघा, अनुमोदन वहिनींचं हाय. आम्ही काय करणार?" तेव्हापासून गाव त्यांना पाणी विकणारी म्हणतं. मी पारावर बसून ते ऐकलं आहे.

आता काही मंडळी पुन्हा संस्था उभी करून राहिली आहेत. नवी पाइपलाइन वहिनींच्या रानातून जाते आणि त्या संमतीची सही देत नाहीत. लोक म्हणतात, म्हातारी दुसऱ्यांदा आडवी आली.

इथवर लिहून काल वही घेऊन त्यांच्याकडं गेलो आणि वाचून दाखवलं. त्या भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. हात थांबले नाहीत.

"मला वाटायचं, माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "लेक बी तेच म्हणायची. वाचता येत न्हाई तर सही कशाला केलीस?"

मी म्हणालो, "माफ करा."

"मला एकटीला वाचून काय फायदा? मला आता कळलं, गावाला कुठं कळलं? सभेत वाचा."

"वाचतो. मग सही द्याल?"

"आधी वाचा. सगळे आल्यावर. तुमचा तो अर्धा तास मला नगं."

नव्या संस्थेची सभा रविवारी आहे, अकराला. या वेळी नोटीस भिंतीला लावली नाही. काठी टेकत दारोदार देत फिरतो आहे, शेवटच्या गल्लीपासून. पहिल्याच दारात एकानं विचारलं, "पुन्हा काय विकायला काढलं, चेअरमन?"

रविवारी या, म्हणालो.