दहा चौरस मीटरच्या आत

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच — तिला वाटतं तिची मुलगी नाकासमोर चालणारी आहे, आणि तिचा तेवढा एक समज मोडायची माझी छाती होत नाही. मैत्रिणींमध्ये एकदा विषय निघाला होता, आयुष्यात केलेली सगळ्यात वाईट गोष्ट कोणती म्हणून. मी शाळेतली कॉपीची काहीतरी गंमत सांगितली. सगळ्या हसल्या. मीही हसले. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि बसलाच आहात तर ऐका.

किसनकाकांबद्दल आहे. माझे सख्खे काका नव्हेत. कामावरचे.

मी तेव्हा एका सरकारी कार्यालयात कंत्राटावर होते. नाव घेत नाही. चूक कार्यालयाची नव्हती, माझी होती. काम काय, तर कॉम्प्युटरवर वस्तीचा नकाशा तयार करायचा. ड्रोनने वरून काढलेल्या फोटोवर एकेक घर गिरवायचं, चौकोन काढायचा, आणि त्या चौकोनाला घराची माहिती जोडायची — मालक कोण, भाडेकरू कोण, मजले किती, नळ आहे का. ही माहिती आणायचे किसनकाका. मी पंख्याखाली, काका उन्हात. टॅब घेऊन दारोदार फिरायचं, विचारायचं, भरायचं. टॅबला ते ‘पाटी’ म्हणायचे.

काका तळेगावच्या बाजूचे, साठीला टेकलेले. पण डोकं! अहो, काय डोकं होतं त्या माणसाचं. चिखलीकडे तुम्ही कधी गेला असाल तर माहीत असेल — दर महिन्याला नवी गल्ली फुटते, काल जिथे मोकळी जागा होती तिथे आज वर्कशॉप खडखडत असतं. मी नकाशात अडले की विचारायचे, काका, हे एक घर की दोन? ते डोळे मिटायचे. “दोन हायती. मधी भित हाय. डाव्या अंगाला लेथवाला, उजवीकडं त्याचाच मेव्हणा. बोलत न्हाईत येकमेकांशी.” जाऊन बघावं तर अगदी तस्सं. आमचे साहेबसुद्धा नकाशा उघडायच्या आधी काकांना हाक मारायचे. काकांना दुसऱ्या कशाचा अभिमान नव्हता हो. गाडी जुनी, चपला झिजलेल्या. पण “माझ्या ध्यानातनं घर सुटत न्हाई, पोरी” म्हणताना मान अशी ताठ व्हायची!

माहितीच्या शेवटी ‘शेरा’ म्हणून एक रकाना असायचा. तिथे ‘घर बंद’ किंवा ‘माहिती नाकारली’ असलं काही लिहायचं असतं. काका लिहायचे — ‘आजीला ऐकू येत नाही, जोरात बोलावे.’ ‘कुत्रे फक्त भुंकते.’ ‘चहा दिला.’ मी ओरडायचे त्यांच्यावर. काका, हे सरकारी रेकॉर्ड आहे! तर म्हणायचे, मग कळू दे की सरकारला, कुणी चहा दिला ते. मी चिडले की त्यांना फार मजा यायची. काकू डब्यात थालीपीठ द्यायच्या, त्यातलं अर्धं न विचारता माझ्या झाकणात येऊन पडायचं.

मी टाळतेय. कळतंय मला.

घरं गिरवताना शेजारशेजारच्या कडा नीट जुळत नाहीत. मध्ये बारीक तुकडे उरतात, शिंप्याच्या दुकानात जमिनीवर पडलेल्या चिंध्यांसारखे. आम्ही त्यांना चिंध्याच म्हणायचो. सॉफ्टवेअर प्रत्येक चिंधी चूक म्हणून मोजतं आणि तिथे लाल ठिपका दाखवतं. हजारो लाल ठिपके! नियम असा, की एकेक चिंधी उघडून बघायची आणि मगच काढायची. माझा स्वभाव नीटनेटका — म्हणजे खरं सांगू का? उतावळा. दोन दिवस एकेक पाहिली. तिसऱ्या दिवशी कंटाळा आला. दहा चौरस मीटरच्या आतलं जे काही असेल ते सगळं निवड, असा हुकूम दिला. निवडलं. डिलीट केलं. चौकोन गेला की त्याला जोडलेली माहितीही जाते. पडदा एकदम स्वच्छ. चुका — शून्य. साहेबांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, वा मॅडम. मी दिवसभर तरंगत होते.

दहा चौरस मीटरच्या आत कुणाचं घर असू शकतं, हा विचार मनात आला का? नाही आला. आणि मी स्वतः देहूरोडला एका खोलीत वाढले. वडील चाकणला कंपनीत, आम्ही चौघं, आणि खोली दहा बाय दहा. म्हणजे शंभर चौरस फूट. त्याचे मीटर करा — साडेनऊसुद्धा भरत नाहीत.

पुढच्या आठवड्यात आमच्या नकाशावरून नव्या पाण्याच्या लाइनची यादी निघाली. आणि दोन दिवसांत सातआठ माणसं साहेबांच्या केबिनमध्ये उभी राहिली. वर्कशॉपच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ होती, अडतीस खोल्यांची. अख्खी ओळच यादीत नव्हती. साहेबांनी काकांना आणि मला बोलावलं. त्या माणसांतला एक जण, मराठवाड्याकडचा असावा, फार शांतपणे म्हणाला, “साहेब, दहा बाय दहा हाय, पर त्यात बी माणसंच ऱ्हातेत.” झालं. तिथल्या तिथे उमगलं मला सगळं. कुणी काही विचारायच्या आधी.

काका म्हणाले, “व्हय साहेब, मी गेलतो तिथं. अडतीस खोल्या. समद्या भरल्यात.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मॅडम, डेटा आला होता का?

किती सोपा प्रश्न! हो सर, आला होता, माझ्याकडून उडाला, दहा मिनिटांत परत आणते — एवढंच म्हणायचं होतं. साहेब काही वाघ नव्हते. ओरडले असते थोडे. पण आठच दिवसांपूर्वी त्याच टेबलापाशी मी शून्य चुका दाखवल्या होत्या ना. मी म्हणाले, “नाही सर. आमच्याकडे आलाच नाही.”

काकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तुम्हाला वाटेल रागाने पाहिलं, संशयाने पाहिलं. तसं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी खिसे चाचपणाऱ्या माणसासारखं पाहिलं — आत्ता तर इथे होती किल्ली. मग खाली बघून हळूच म्हणाले, “पोरगी म्हणती तर न्हाई आला आसंल. माझ्याच ध्यानातनं सुटलं.”

करून सवरून नामानिराळी. आई ही म्हण दुसऱ्या बायकांना उद्देशून म्हणायची.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी डिलीट करण्याआधीची जुनी प्रत उघडली. होती. अडतीसच्या अडतीस. नावं, माणसं, शेरे. ‘नळ नाही, बाई लांबून पाणी आणतात.’ ‘दोन भाऊ, पाळीपाळीने झोपतात, रात्रपाळी.’ ‘बाळ आठ दिवसांचे, आवाज करू नये.’ मला पाठ आहेत ते. वाचले, आणि ती प्रत काढून टाकली. आमच्या पद्धतीप्रमाणे टॅब आधीच रिकामा केलेला होता, म्हणजे आता जगात कुठेच काही उरलं नाही. हे उतावळेपणानं नाही केलं बरं का. सावकाश केलं.

दुसऱ्या दिवशी काका परत त्या ओळीत गेले. दोन दिवस, भर उन्हात. खोल्या नकाशात आल्या, यादीत आल्या, पाणीही आलं. त्या लोकांचं काही अडलं नाही. माझं तर नाहीच अडलं. साहेब काकांना फार बोललेही नाहीत. वय झालं आता किसनराव, एवढंच म्हणाले.

इथवरचं एक वेळ कुणालाही सांगता आलं असतं. घाबरले, तोंडातून निघून गेलं, तरुण होते. लोक समजून घेतात. पण खरं सांगायचंय ते याच्यापुढे आहे.

दोन दिवसांनी आम्ही डबा खात बसलो होतो. काका मध्येच म्हणाले, “तिथली येक बाई म्हणती, काका मागं येऊन लिवून नेलं की तुमी, आता परत कशाला? माझं बाळ तवा आठ दिसाचं हुतं म्हणती.” आणि थांबले. माझ्याकडे बघत होते. त्या बघण्यात, काय सांगू तुम्हाला, आशा होती. मी म्हणावं काहीतरी म्हणून. मी तोडलेला घास तोंडात घातला आणि म्हणाले, “मतदार यादीवाले गेले असतील काका. बायकांना सगळे सारखेच वाटतात.”

साहेब नव्हते समोर. नोकरी जात नव्हती. कुणी धाकही घातला नव्हता. समोर फक्त काका होते, आणि मी त्यांच्याच घरचं थालीपीठ खात होते. घास घशात अडकला वगैरे म्हणू का? नाही अडकला. सहज उतरला. काका म्हणाले, “आसंल, आसंल.” आणि डब्याचं झाकण लावलं.

त्यानंतर त्यांनी वही केली. गेलेल्या प्रत्येक घराची टॅबमध्ये नोंद, शिवाय वहीत नोंद. संध्याकाळी माझ्या टेबलापाशी येऊन विचारायचे, हे दिलं ना मी तुला? हे पण दिलं ना? मी हो काका, हो काका म्हणायचे. शेऱ्यात चहा नाही, कुत्रा नाही, आजी नाही. प्रत्येक घरापुढे एकच — ‘दोनदा तपासले.’ मी नकाशात अडून काही विचारलं तर डोळे मिटायचे, आणि उघडून म्हणायचे, “येकदा जाऊन बघून येतो.” मला माहीत असायचं की त्यांना आठवलंय. चेहऱ्यावर दिसायचं. पण जायचे.

काकूंचा फोन आला एकदा. हे विसरायला लागलेत गं, डॉक्टरकडे नेलं, डॉक्टर म्हणतात काही नाही, वयाचं आहे. तू लक्ष ठेव बाई, तुझं ऐकतात. मी म्हणाले, ठेवते काकू. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण काकूंच्या आवाजात संशयाचा लवलेश नव्हता. उलट त्या माझे आभार मानत होत्या! मी ते घेतले.

मुदत संपायच्या आधीच काकांनी काम सोडलं. साहेबांनी थांबवलं त्यांना, मीही थांबवलं — हो, मीसुद्धा, तोंड वर करून. तर म्हणाले, माझ्यामुळं कुणाचं घर ऱ्हायला नको.

आता मला ते ऑफिस सोडून बरीच वर्षं झाली. दुसरीकडे आहे, पक्की नोकरी आहे. माझ्या हाताखालच्या मुलींना मी एकेक चिंधी उघडून बघायला लावते, त्या मला खडूस म्हणतात. कशाची भीती आहे आता? कशाचीच नाही. काकांना सांगितलं तर ते रागावणारही नाहीत, हेही मला माहीत आहे. आसू दे गं, म्हणतील. मग? मग काय. नाही सांगितलं.

मागच्या महिन्यात तळेगावला गेले होते त्यांच्याकडे. अंगणात खुर्च्या टाकून बसलो. तब्येत छान आहे, चेहरा भरलाय थोडा. मी चिखलीच्या बाजूने आले म्हटल्यावर त्या पत्र्याच्या ओळीची आठवण काढली त्यांनीच. आता तिथं इमारत झाली आसंल, म्हणाले. मग एकेक खोली सांगत गेले, पहिल्यापासून. कोण, कुठल्या गावचे, कोणत्या कंपनीत. अडतीस. एक सुटली नाही. मी बोटांवर मोजत नव्हते, पण मला ती यादी पाठ आहे, सांगितलं ना. सांगून झाल्यावर त्यांनी घराकडे बघून काकूंना विचारलं, “बरोबर हाय का गं? का मी कायबी बोलतोय?” काकू आतून म्हणाल्या, मला काय ठाऊक, मी कुठं बघितल्यात.

उत्तर माझ्यापाशीच होतं. एक शब्द पुरला असता. मी म्हणाले, निघते आता, अंधार व्हायच्या आत पोचायचंय.

काका उठले. नेहमीसारखं रस्त्यापर्यंत सोडायला. चप्पल घातली, फाटक उघडलं, तेवढ्यात काकूंनी हाक दिली — “एकटे लांब जाऊ नका हो, परत येताना चुकाल.”

“बरं,” म्हणाले, आणि फाटकातच थांबले. मी गाडी चालू केली.