दादाची गाठ आणि पाचवं शील

मी मुळातच उतावळी. जबलपूरच्या मेडिकल कॉलेजच्या वाचनालयात पुस्तक वाचता वाचता ओरडलेली बहुधा मी एकटीच असेन. पॅथॉलॉजीच्या एमडीचं पहिलं वर्ष होतं आणि मी हॉजकिन लिम्फोमाचे, म्हणजे लसिकाग्रंथींच्या एका कॅन्सरचे, प्रकार घोकत बसले होते. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती: काही थोड्या रुग्णांना दारू प्यायल्यावर लगेच गाठीत दुखू लागतं. ‘अरे बापरे!’ मी जोरात म्हणाले. शेजारच्या दीदीने ‘क्या हुआ?’ विचारलं तेव्हा मी पिशवी उचलून बसस्टॉपच्या वाटेला लागलेही होते.

कारण होतं दादा. माझा थोरला भाऊ शहरातल्याच रांझी भागात एका फॅक्टरीत कामाला होता. त्याच्या मानेला गाठ आली होती. आमच्याकडे मानेची गाठ म्हणजे टीबी, आणि बहुतेक वेळा हा अंदाज खराही निघतो. सुईच्या तपासणीत पक्कं काही कळलं नव्हतं, म्हणून टीबीची औषधं चालू होती. गाठ मात्र वाढतच होती आणि दादाच्या पँटी ढिल्या होत चालल्या होत्या. त्यातच मागच्या आठवड्यात तो एका मित्राच्या वरातीतून मान धरून लवकर परत आला होता. बँडच्या गोंगाटानं दुखून राहिलं, म्हणे. बँडनं कान दुखतात, मान नाही, हे मला बसमध्ये बसल्यावर सुचलं.

आमच्या घरात दारूचं नावही निघत नसे. वडील दारूपायी गेले. त्यानंतर शाळेत शिकवून आम्हा दोघांना वाढवणारी आई दर रविवारी विहारात जाऊन पंचशील घेई. त्यातलं पाचवं शील, मद्य न पिण्याचं, तिने आमच्याकडून वेगळं वदवून घेतलं होतं. दादानं तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला होता.

शहाण्या माणसानं दादाला बाजूला घेऊन विचारलं असतं. मी दारातूनच ओरडले, ‘दादा, वरातीत तू पेला होता का?’

आई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

‘काहीही काय बोलून राहिली तू!’ दादा खाटेवर उठून बसला.

‘मले खरं सांग. पेल्यावर गाठ दुखली का?’

त्याने एकदा आईकडे पाहिलं. नाही म्हटलं असतं तर तो सुटला असता. आईच्या लेखी चांगला मुलगा राहिला असता आणि गाठ तशीच वाढत राहिली असती.

‘दुखली,’ तो मान खाली घालून म्हणाला. ‘दोन घोट घेतले अन् कोणी आतून पिळल्यावानी झालं. त्याच्या आधीही एकदा झालं होतं.’

मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या.

‘तो दारू पेला अन् तू टाळ्या काहून वाजवून राहिली?’ आई कडाडली. मी धापा टाकत सांगितलं, की हा कदाचित टीबी नाहीच, वेगळा रोग आहे, आणि अख्खी गाठ काढून तपासायला हवी. आता आभाळ कोसळणार म्हणून मी अंग चोरून उभी राहिले. आईने सूप बाजूला ठेवलं, चपला घातल्या आणि म्हणाली, ‘चला.’ डॉक्टरांसमोर बसताक्षणी तिनेच सुरुवात केली, ‘साहेब, हा दारू पेला. पेल्यावर गाठ दुखली. लिहून घ्या.’

गाठ काढली. आमच्या सरांनी स्लाइड पाहिली आणि मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. आधी नुसती गर्दी दिसली, निरनिराळ्या निरुपद्रवी पेशींची. या रोगात मूळ दोषी पेशी शेकड्यात एखादीच असते. मग ती दिसली: भली मोठी, दोन केंद्रकं, त्यात दोन ठसठशीत ठिपके, घुबडासारखी माझ्याकडेच बघणारी. हॉजकिनच होता. प्रकार निघाला मिश्रपेशी, आपल्याकडे बराच आढळणारा.

ही पेशी जन्माने बी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणारी एक पांढरी पेशी, पण रंग देऊन तपासलं तर बी-पेशीची ओळख जेमतेम दाखवते. जबलपुरातल्या आमच्या गोरखपूर मोहल्ल्यातल्या मराठी पोरांसारखी, जन्म मराठी घरातला आणि तोंडात सगळी हिंदी. तिची जनुकं इतकी बिघडलेली असतात की तिने केव्हाच मरायला हवं, पण मरत नाही. सख्ख्या भावंडांना या रोगाचा धोका किंचित जास्त असतो, हे वाचल्यावर मी गुपचूप स्वतःची मानही चाचपली.

पण मी घरी गेले ती जवळजवळ नाचतच. कॅन्सर निघाला म्हणून आनंदाने सांगत आलेली मुलगी आईने जन्मात पाहिली नव्हती. ‘बरा होतो गं हा! पुष्कळ लोक बरे होतात!’ मी तिला गदगदा हलवत होते.

केमोथेरपीनं दादाचे केस गेले, उलट्यांनी तो हैराण झाला, पण गाठ विरघळली. शेवटच्या स्कॅनमध्ये रोगाचं काही राहिलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. आईचा विश्वास बसेना. दोन दिवसांनी भर दुपारी ती पदराखाली दारूचा पव्वा झाकून घरी आली. दारूच्या दुकानासमोरून जावं लागू नये म्हणून जन्मभर लांबचा रस्ता धरणारी बाई!

‘पी,’ तिने दादापुढे गिलास धरला.

‘आई, असं काही नसते. नाही दुखलं तरी त्यानं काही सिद्ध होत नाही,’ मी म्हणाले.

‘तुह्या मशिनीचं तू पाय. माह्यं मी पाहून राहिली.’

दादानं घोट घेतला. आईने गाठ होती त्या जागेवर तळवा दाबून धरला.

‘दुखते?’

‘नाही.’

‘अजून घे.’

‘नाही दुखत, आई.’

वडील गेले तेव्हाही न रडलेली आई त्याच्या मानेला बिलगून हमसाहमशी रडली. मग तिने नाक पुसलं, त्याच्या हातातला गिलास हिसकून घेतला आणि म्हणाली, ‘आता यापुढं पेला, तर टांग तोडीन.’